लंगड्या इंजिनाचा रविवार

"लोट आता," माग्नार म्हणाला आणि आम्ही सगळे मागे सरलो.

सीवर्टने रॉकेलच्या दिव्याची ज्योत धरून इंजिनाचं डोकं लालबुंद तापवलं होतं. त्याने टोपी मागे सरकवली, ते भलंमोठं चाक दोन्ही हातांनी धरलं, आधी मागे झोका दिला आणि मग पुढे लोटलं. इंजिन खोकलं, धुराचं एक वेटोळं बाहेर पडलं आणि ते चालू झालं. डुंक, डुंक, डुंक, डुंक. आम्ही कान देऊन उभे राहिलो. सवयीने प्रत्येक जण त्या चुकणाऱ्या ठोक्याची वाट बघत होता. तो आला नाही.

"ऐकतोयस ना?" माग्नारच्या तोंडावरचा आनंद त्याला लपवता येत नव्हता. "एक ठोका चुकत नाही. लंगडीचा पाय बरा केला आम्ही."

"नाही चुकत," सीवर्ट म्हणाला.

"हिवाळाभर खपलोय रे. तुझ्या ऐंशीव्या वाढदिवसाची भेट. कसं वाटतंय?"

सीवर्टने आमच्या सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. मग दारातून बाहेर, टेकडीच्या उतारावरच्या पिवळ्या इमारतीकडे पाहिलं. "सुरेख चालतंय," तो म्हणाला. "मनापासून आभार." आणि तो चिंधीने हात पुसत राहिला. हात आधीच स्वच्छ होते.

आम्ही केक कापला. आमच्याकडे आनंद झाला की केक कापतात आणि झाला नाही तरी कापतात, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

मी यूरुन. किनारी संग्रहालयाच्या तिकीट खिडकीत बसते, आणि गर्दी कमी असली की मागच्या ओट्यावर वाफलच्या जाळीदार गोड पोळ्या भाजते. आमच्या गावात माणसं थोडी आणि संग्रहालयं फार. खारवलेल्या माशांचं एक, डबाबंद माशांचं एक, बोटींचं आमचं, आणि धक्क्याच्या टोकाला नवं काचेचं कलादालन. तिथे गेल्या वर्षी एक अख्खी भिंत पांढरी ठेवली होती आणि लोक तिच्यापुढे उभे राहून माना डोलवत होते. डबाबंद माशांच्या संग्रहालयात ज्या यंत्रासमोर दोरी बांधली आहे त्या यंत्रावर मी लग्नाआधी काम करत होते. तिथे गेले की मला दोरीच्या कुठल्या बाजूला उभं राहावं हेच कळत नाही.

पण लोक येतात ते आमच्याकडे, रविवारी. कारण उन्हाळ्यात दर रविवारी दुपारी सीवर्ट 'वोना'चं इंजिन चालू करतो.

'वोना' ही त्याची बोट. मासेमारी सुटली तेव्हा बोट मोडीत निघाली आणि इंजिन संग्रहालयाने मागून घेतलं. एका नळकांड्याची ही इंजिनं एके काळी आमच्या सगळ्या किनाऱ्यावर होती. प्रत्येकाचा आवाज निराळा. बायका घरात बसून ओळखायच्या, कोण आलं. माझी आई बाबांची बोट बेटामागे असतानाच बटाटे चुलीवर चढवायची आणि बाबा दारात येईपर्यंत ते शिजलेले असायचे. 'वोना'ला तर कुणीही ओळखलं असतं. ती लंगडायची. चार-पाच ठोके बरोबर पडायचे, मग एक गायब, मग पुन्हा डुंक डुंक. गाव तिला लंगडीच म्हणायचं. तेल सोडणाऱ्या पंपाची एक पोलादी जीभ झिजली होती, ती मधेच निसटायची, एवढंच. कुणीही दुपारभरात बदलली असती. सीवर्टने आयुष्यभर बदलली नाही. त्याला चिक्कू म्हणून झालं, आळशी म्हणून झालं. तो नुसता हसायचा.

म्हणून आम्ही दुगनाद काढला. म्हणजे सगळ्यांनी मिळून बिनपैशाचं काम करायचं. आमच्याकडे शाळेचं कुंपणसुद्धा असंच रंगवतात, आणि जो येत नाही त्याच्या नावाने वर्षभर बोटं मोडतात. माग्नार जन्मभर फेरीबोटीच्या इंजिनावर होता. त्याने नवी जीभ घासून घासून बनवली. मी माशाचं सूप पोचवत होते. सिन्नेने, म्हणजे आमच्या संग्रहालयाची प्रमुख असलेल्या मुलीने, किल्ली दिली आणि सीवर्टला कळू दिलं नाही.

आता त्या पिवळ्या इमारतीचं सांगायला हवं. तो आमचा वृद्धाश्रम. दोन वर्षांपासून सीवर्टची बायको ओड्नी तिथे असते. तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली आहे. आधी भाच्यांची नावं गेली, मग घराचा रस्ता गेला, मग सीवर्टचा चेहरा. सीवर्ट रोज जातो. ती त्याला नळ दुरुस्त करणारा समजते, कधी डॉक्टर, एकदा तर पाद्री समजून तिने त्याला सुनावलं की तुमचं प्रवचन फार लांबतं. सीवर्टने सांगितलं की पुढच्या वेळी आटोपतं घेईन.

पण रविवारी तसं होत नसे. तिची खिडकी बंदरावर उघडते. खाली इंजिन सुरू झालं की ओड्नी विणकाम बाजूला ठेवायची, उठायची, थर्मास जवळ ओढायची आणि दोन कप मांडायची. सीवर्ट इंजिन बंद करून चढण चढायचा. बोट बांधून घरी यायला लागायचा तेवढाच वेळ. तो दार न वाजवता आत यायचा, अंगाला तेलाचा वास, डोक्यावर लोकरी टोपी, आणि ती मागे न बघताच विचारायची, "हात धुतलेस का?"

गेल्या उन्हाळ्यात उरलेली वाफल घेऊन मी वर जायची, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलंय. तासभर ती त्याची बायको असायची. टोपी काढ म्हणायची, मॅकरेल मासे मिळाले का विचारायची. आठवड्यातला तो एक तास सीवर्ट जगायचा आणि बाकीचे दिवस ढकलायचा. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, इंजिन वाजलं की झालं.

केक कापल्यानंतरच्या रविवारी दोन पर्यटक जहाजं एकदम लागली आणि मला वर जाता आलं नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. सीवर्ट इंजिन चालू करायचा, लोक फोटो काढायचे, तो टेकडी चढून जायचा आणि लगेच उतरून यायचा.

"काय रे, आज कॉफी दिली नाही वाटतं बायकोने?" मी खिडकीतून विचारलं.

"थकली होती ती."

"आणि तुझं काय झालंय? तोंड बघ. तुझ्या त्या मॅकरेलचं तरी बरं असतं."

"चालायचंच," तो म्हणाला आणि सायकल न घेताच घरी निघाला. मी हाक मारून त्याला सायकलची आठवण केली.

मग एक रविवार पावसाचा आला. कलादालनाकडेसुद्धा कुणी फिरकलं नाही. मी तिकीट खिडकी सिन्नेवर सोपवली आणि वाफल, त्यावर तपकिरी चीज, असं फडक्यात बांधून वर गेले. ओड्नी हातमोजा विणत होती. अंगठा झाला होता, पुढचं तिला सुचत नव्हतं, म्हणून ती दुसरा अंगठा विणत होती. मी खिडकी उघडली. खाली इंजिन सुरू झालं. डुंक, डुंक, डुंक, डुंक.

मी तिच्याकडे बघत होते. ती विणतच राहिली.

"बोट आली गं," मी म्हटलं.

"हो. कुणाची आहे?"

"सीवर्टची."

"छे," ओड्नी म्हणाली. "ही परकी आहे. दक्षिणेकडची असेल. बघ ना, कशी गुळगुळीत चालते." मग जरा वेळाने सुई थांबवून, "सीवर्टला उशीर होतोय आज," एवढंच म्हणाली. तिचा चेहरा इतका लहान झाला की मला माझी वाफल खाववेना.

सीवर्ट आला. त्याने या वेळी दार वाजवलं. ओड्नीने मान वर केली आणि ओळखीच्या नसलेल्या माणसाकडे बघून हसतात तशी हसली. "बरं झालं आलात. नळ गळतोय."

"बघतो हं," सीवर्ट म्हणाला. तो बेसिनपाशी गेला, न गळणारा नळ उघडला, बंद केला, चिंधीने पुसला. "झालं. आता नाही गळायचा."

मी त्याला दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात आणलं. "तू बोलला का नाहीस?"

"काय बोलू?"

"हेच, की तिला इंजिन ओळखू येत नाही."

"त्या माणसाने हिवाळाभर बोटं सोलवटून घेतली यूरुन. तू सूप आणत होतीस. आणि मी म्हणू, की मोडा?"

"पण तुला आधीच ठाऊक होतं असं होणार ते."

सीवर्टचं बोलणं म्हणजे आमच्याकडचं ऊन, वाट बघावी लागते. "एकदा बदलली होती मी ती जीभ," तो म्हणाला. "लग्न झालं त्याच वर्षी. धुकं होतं. सगळ्या बोटी पाठोपाठ आल्या, मीही आलो. ही धक्क्यावर नाही. घरी गेलो तर जमिनीवर बसलेली. सगळ्या बोटी मोजल्या म्हणे तिने आवाजावरून, आणि माझी आली नव्हती. मी दारात उभा, तरी रडणं थांबेना. दुसऱ्या दिवशी झिजलेली जीभ परत बसवली. नंतर हात लावला नाही."

"आणि गाव चिक्कू म्हणत राहिलं."

"म्हणू दे की. गावाला काय काम." मग तो म्हणाला, "माग्नारला सांगू नकोस. त्याचं मन मोडेल."

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे शब्द देणं नव्हे, हे मला माझ्या आईने शिकवलंय. तिथून मी थेट माग्नारच्या शेडवर गेले.

माग्नारने सगळं ऐकून घेतलं. हातातली कानस खाली ठेवली. एवढा आडदांड माणूस, पण स्टुलावर बसला तो पोतं टाकल्यासारखा. "करायला गेलो एक," तो म्हणाला. "आणि मी मूर्खासारखा विचारत होतो, कसं वाटतंय, कसं वाटतंय."

"जुनी जीभ कुठाय? फेकलीस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या आईवरून काही बोलले होते. "फेकीन कशाला?" माग्नारने आजवर काही फेकलेलं नाही, त्याच्या शेडमध्ये त्याच्या पहिल्या सायकलचे ब्रेकसुद्धा आहेत. कॉफीच्या एका डब्यातून त्याने ती काढली, तेलाच्या कागदात गुंडाळलेली. करंगळीच्या पेराएवढा पोलादाचा तुकडा, एका कडेला घासून गोल झालेला. "पण मी आता जाऊन काय सांगू त्याला? की तुझं आम्हाला कळलं? तो पुन्हा तोंड दाखवणार नाही आपल्याला."

ते खरं होतं. आमच्या किनाऱ्यावर माणूस बुडत असला तरी आधी हवापाण्याचं बोलेल. आम्ही दोघं तिथे बसून खलबतं करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सीवर्ट इंजिनावरचा पितळी पत्रा पुसायला आला, तेव्हा माग्नार आधीच तिथे उकिडवा बसला होता. मी उगीचच माहितीपत्रकं नीट लावत होते.

"सीवर्ट, मला ते पोलाद पसंत नाही," माग्नार म्हणाला.

"कुठलं?"

"नव्या जिभेचं. हलकं आहे. एखाद्या रविवारी तुकडा पडेल नि कुणा पर्यटकाच्या कपाळात बसेल."

"असं म्हणतोस?"

"शिवाय सिन्नेचंही म्हणणं आहे, संग्रहालयात मूळचाच भाग असावा. तर म्हटलं, जुनीच बसवावी. तात्पुरती."

सीवर्ट पितळ पुसत राहिला. "तुला योग्य वाटेल तसं."

"लंगडेल मात्र."

"लंगडेल," सीवर्ट म्हणाला.

"तू म्हणशील, मग एवढी मेहनत कशाला केली."

"नाही म्हणणार."

तो पत्रा त्या दिवशी जितका चमकला तितका पूर्वी कधी चमकला नसेल. जाताना सीवर्टने माग्नारच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "उद्या वारा पडेल असं वाटतं." माग्नार म्हणाला, "वाटतंय खरं." दोघांचं सगळं बोलून झालं होतं.

पुढचा रविवार लख्ख उजाडला. मी लवकर वर गेले, ओड्नीचे केस विंचरले, खिडकी सताड उघडली. खाली काय झालं ते मला मागाहून कळलं. इंजिन चालू झालं, लंगडायला लागलं, आणि माग्नारला प्रेमाचं भरतं आलं. तो सीवर्टला म्हणाला, "आज मी सांभाळतो इंजिन. तू वर जा. दोघं बरोबर बसून ऐका की एकदा." सीवर्ट नको म्हणत होता, पण भेट मोडून परत देणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा नाही कसं म्हणायचं? तो निघाला.

वर आम्हाला आवाज आला. डुंक, डुंक, डुंक, डुंक, आणि एक रिकामी जागा, आणि पुन्हा डुंक. ओड्नीच्या सुया थांबल्या. तिने विणकाम गुंडाळून टोपलीत ठेवलं, एप्रनच्या चुण्या सारख्या केल्या. "आला," ती म्हणाली. "कप काढ गं."

माझा जीव भांड्यात पडला. मी कप काढले. तिने त्यातला चांगला, निळ्या काठाचा कप खिडकीजवळच्या खुर्चीसमोर ठेवला आणि थर्मास ओढला. मग दार वाजलं. सीवर्ट टोपी हातात घेऊन उभा होता, धापा टाकत.

ओड्नीने त्याच्याकडे पाहिलं, आणि खिडकीकडे पाहिलं. खाली इंजिन चालूच होतं.

"या, या," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याकडे आलात का? बसा ना. तो अजून पाण्यावर आहे. पोचेल एवढ्यात."

मला तेव्हा लख्ख कळलं. बोट अजून वाजतेय, मग सीवर्ट घरात कसा असेल? तिचा हिशोब आमच्या सगळ्यांपेक्षा सरळ होता. माग्नारच्या चांगुलपणाने दुसऱ्यांदा घात केला होता. मी फडकं घेऊन खिडकीकडे धावले, त्याला खूण करायला, की बंद कर बाबा ते.

"राहू दे, यूरुन," सीवर्ट हळूच म्हणाला. "राहू दे जरा."

तो दाराजवळच्या खुर्चीत बसला, पाहुण्यांच्या. ओड्नीने त्याला साध्या कपात कॉफी दिली आणि निळ्या कपावर बशी पालथी घातली.

"इथून असा ऐकू येतो होय," सीवर्ट म्हणाला. त्याची नजर जमिनीकडे होती. पन्नास वर्षं तो त्या इंजिनाच्या अंगावर बसलेला माणूस. ते लांबून घराकडे येताना कसं वाजतं, हे त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

"आधी अगदी बारीक येतो," ओड्नी सांगू लागली. "बेटामागून. मग टोकाच्या खडकाआड बोट जाते तेव्हा बंदच होतो. तेव्हा माझा जीव वर येतो बघा. काही सुचत नाही. हातातलं तसंच राहतं. मग पुन्हा येतो."

"रोज असं होतं?"

"रोज. पण त्याला सांगू नका हं. त्याला वाटतं मी स्वयंपाकात असते."

"नाही सांगणार," सीवर्ट म्हणाला.

"ओळखता ना तुम्ही त्याला?"

"थोडासा."

"चांगला आहे. बोलत नाही फार. पण येतो."

दोघं ऐकत बसली. खाली लंगडी चालत होती, ठोका चुकत होती, पुन्हा धरत होती. दर वेळी ती रिकामी जागा आली की ओड्नीची बोटं एप्रनवर आवळायची आणि पुढच्या ठोक्याला सैल व्हायची, आणि सीवर्ट ती बोटं बघत होता. मला रडू आवरेना. मी वाफलचं फडकं उगीच झटकलं. मग सीवर्टने माझ्याकडे पाहून मान हलवली. मी खिडकीतून फडकं हलवलं. माग्नारने पाहिलं असावं, कारण इंजिनाने आणखी दोन-चार उसासे टाकले आणि ते थांबलं.

"लागली बोट," ओड्नी म्हणाली आणि केसांवरून हात फिरवला.

सीवर्ट उठला. "निघतो मी."

"अहो, थांबा की. आलाच तो आता."

"परत येईन कधीतरी," तो म्हणाला आणि दार ओढून बाहेर गेला.

त्याची पावलं व्हरांड्यात थोडी पुढे गेली आणि थांबली. मी जाऊन बघितलं नाही. मला ठाऊक होतं तो भिंतीपाशी उभा आहे, बोट बांधून चढण चढायला लागतो तेवढा वेळ काढत. ओड्नी निळ्या कपावरची बशी नीट करत होती. बाहेर सीगल ओरडत होते. मग दार वाजवल्याशिवाय उघडलं. टोपी डोक्यावर होती.

ओड्नीने मागे पाहिलं नाही. "हात धुतलेस का?"

"धुतो," सीवर्ट म्हणाला.

तो बेसिनपाशी उभा राहून हात धूत राहिला, कोपरापर्यंत, सावकाश. तिने बशी काढून निळ्या कपात कॉफी ओतली.

"एक जण येऊन गेला तुझ्याकडे," ती म्हणाली. "थांबला नाही."

"कोण होता?"

"नाव नाही सांगितलं. तुझ्याच वयाचा असेल. गप्प गप्प होता, पण माणूस चांगला वाटला मला." तिने खिडकीजवळची खुर्ची त्याच्यासाठी ओढली. "टोपी काढ. मॅकरेल मिळाले?"

"मिळाले थोडे," सीवर्ट म्हणाला आणि बसला.

दाराजवळच्या साध्या कपात अर्धी कॉफी तशीच राहिली होती. मी तो कप उचलला, धुतला आणि पालथा घातला.